बाळंतिणीच्या खोलीतली चूल

मधुमतीला बोलायला आवडायचं, आणि आपल्याला ते फार छान जमतं याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. नवऱ्याच्या, राजनच्या, बँकेतल्या बदलीपायी मिरज सोडून जयपूरला आली तेव्हा पहिले सहा महिने मानसरोवरच्या फ्लॅटमध्ये तिच्यावर भिंतींशी बोलायची वेळ आली होती. मग मालवीय नगरातल्या एका लहानशा संस्थेत नोकरी लागली आणि तिच्या जिभेला काम मिळालं. ही संस्था जयपूरच्या पूर्वेला, डोंगरांत राहणाऱ्या मीणा आदिवासींच्या वस्त्यांवर निर्धूर चुली वाटायची. बादलीएवढी लोखंडी चूल, दोन्ही बाजूंना कड्या, लाकूड निम्मं लागतं आणि धूर जवळजवळ नाहीच. चूल खरोखर चांगली होती. पण बायका ती घ्यायलाच तयार नसायच्या. बाजरीची भाकरी हिच्यावर नीट भाजत नाही, म्हणायच्या; चूल मातीचीच हवी, म्हणायच्या. त्यांना पटवायचं काम मधुमतीचं.

आणि तिने पटवलं. तिच्याकडे एक हुकमी गोष्ट होती. बायका ओट्यावर जमल्या, चहा झाला, सूचनांचा कागद बराचसा वाचून झाला, की मधुमती आपल्या मिरजेच्या हिंदीत सुरू व्हायची. माझ्या मुलीच्या वेळी, म्हणजे कीर्तीच्या वेळी, आईने माझ्या बाजेखाली शेगडी ठेवली होती. वर ओवा टाकायची, बाळंतशेपा टाकायची. धूर असा कोंडायचा की माझे डोळे टोमॅटोसारखे लाल, आणि पोरगी खोकून खोकून निळी पडलेली! तुमच्याकडे जाप्यात असंच करतात ना? जापा म्हणजे बाळंतपण. बायका पदराआड हसायच्या, माना डोलवायच्या. मग मधुमती चुलीवर हात ठेवून म्हणायची, "ये चूल्हा होता ना, तो मैं आराम से कमरे में रखती. धुआँ नहीं, तो तकलीफ कैसी?"

या वाक्यावर चुली जायच्या. खरं सांगायचं तर कीर्ती निळी-बिळी काही पडली नव्हती, चार वेळा खोकली असेल. पण गोष्टीला थोडं मीठ लागतंच, असं मधुमतीचं मत होतं. अकरा वस्त्यांवर तिने ही गोष्ट सांगितली. बाहेरून पाहुणे आले की ऑफिसातले लोकही म्हणायचे, मधुताई, ती बाळंतपणाची सांगा.

तो जानेवारीतला मंगळवार होता. धुकं दहा वाजले तरी हटलं नव्हतं आणि ऑफिसातल्या सगळ्यांनी हात चहाच्या कपांभोवती गुंडाळले होते. निलय आपल्या संगणकासमोर मफलर बांधून बसला होता. हा नाशिकचा मुलगा, आकड्यांचं काम बघायचा. वाटलेल्या चुलींपैकी चाळीस चुलींच्या पायाशी काडेपेटीएवढं एक यंत्र बसवलं होतं. चूल किती तापली, किती वेळ तापली, हे ते रेंज मिळेल तसं निलयकडे पाठवायचं. चूल वापरात आहे हे देणगीदारांना दाखवावं लागतं. तीन महिने पडून राहिलेली चूल परत घेऊन दुसऱ्या घराला द्यायची, असा संस्थेचा नियम होता.

"मधुताई, इकडे या जरा," निलयने हाक मारली. "तुमच्या गूलर ढाणीच्या वस्तीने विक्रम केलाय. सत्तावीस नंबरची चूल कालपासून विझलेलीच नाही. सोळा तास!"

"बघ, म्हणजे माझं बोलणं फुकट जात नाही," मधुमती कप घेऊन त्याच्या मागे येऊन उभी राहिली.

पडद्यावर बाकीच्या चुलींच्या रेघा डोंगरासारख्या होत्या. सकाळी एक सुळका, संध्याकाळी एक सुळका, मधे सपाट जमीन. सत्तावीस नंबरची रेघ काल संध्याकाळी सहाला वर चढली होती, थोडी खाली आली होती आणि मग तिथेच, ना वर ना खाली, रात्रभर सरळ चालत आली होती.

"लग्न असेल कुणाचं," निलय म्हणाला.

"पौषात कुठलं लग्न?" मधुमती म्हणाली. "आणि लग्नाचा स्वयंपाक या एवढ्याशा चुलीवर करतील? ही आच तरी बघ. एवढ्या आचेवर भाकरी पण व्हायची नाही. हे नुसते निखारे..."

ती बोलता बोलता थांबली. मधुमती वाक्याच्या मधे थांबली हे ऑफिसात कधी घडलं नव्हतं, म्हणून निलयने वळून पाहिलं.

सत्तावीस नंबर म्हणजे कजोडीचं घर. कजोडीची सून फोरंती. डिसेंबरात मधुमती तिथे गेली होती तेव्हा फोरंती भिंतीला टेकून, पोटावर हात ठेवून बसली होती आणि गोष्ट ऐकताना सगळ्यांत जास्त तीच हसली होती. कुठला महिना, असं विचारल्यावर कजोडीने लगबगीने उत्तर दिलं होतं, आठवा सरतोय.

"निलय," ती म्हणाली, "बंद खोलीत निखारे ठेवले रात्रभर, तर काय होतं रे?"

निलय इंजिनियर होता. त्याला विचार करावा लागला नाही. त्याचा चेहराच उतरला. "कार्बन मोनॉक्साईड. ताई, त्याला रंग नसतो, वास नसतो. माणूस झोपेतच... पण आपण ते सांगतो ना प्रशिक्षणात? सूचनांच्या कागदात आहे की. 'चूल हवेशीर जागी वापरावी.' नववा मुद्दा."

नववा मुद्दा. मधुमती सातव्या मुद्द्यानंतर गोष्ट सांगायची आणि गोष्टीनंतर बायका उठून चूल हाताळायला यायच्या. त्या गडबडीत आठ, नऊ आणि दहा कधी वाचून दाखवलेच नव्हते. वाचले असते तर रंगाचा बेरंग झाला असता, असं तिला तेव्हा वाटायचं. हातातला कप तिने निलयच्या कागदांवरच ठेवला.

"पवनला गाडी काढायला सांग. आत्ताच्या आत्ता. आणि रुग्णवाहिकेला फोन कर, गूलर ढाणीच्या शाळेपाशी यायला सांग. पुढे रस्ता नाही."

"काय सांगू त्यांना? कुणाला काय झालंय?"

"मला काय माहीत काय झालंय!" ती ओरडली. "बाळ-बाळंतीण बेशुद्ध आहेत म्हणून सांग. खोटं ठरलं तर माझ्या नावावर!"

खोटं ठरू दे, असं ती जिना उतरताना पुटपुटत होती. जन्मात पहिल्यांदा तिला आपलं बोलणं खोटं ठरायला हवं होतं.

गाडी सुरू व्हायच्या आत तिने वस्तीवरच्या संतराला फोन लावला. संतरा संस्थेची तिथली कार्यकर्ती. फोन बंद. पुन्हा लावला, बंद. मग वस्तीच्या पायथ्याशी किराणा दुकान चालवणाऱ्या विजयचा नंबर सापडला. त्याने उचलला, पण आवाज तुटत होता.

"विजयजी, कजोडी के घर जाओ, भागके जाओ! उसको बोलो चूल्हा कमरे से बाहर निकाले! मैडम ने बोला है, चूल्हा बाहर निकालो!"

"चूल्हा... निकालना है? आप आ रहे हो?"

"हाँ, आ रही हूँ! पर उसके पहले निकालो! दरवाज़ा खोलो!"

"ठीक है जी," विजय म्हणाला आणि फोन तुटला. पुन्हा लागलाच नाही. तरी मधुमतीने जरा श्वास सोडला. निरोप पोचला होता. पाच मिनिटांचा चढ, विजय तरणा माणूस आहे, एव्हाना चूल अंगणात आली असेल.

पवनने धुक्यातून जमेल तेवढी गाडी हाकली. हा माणूस जयपूरचाच, पन्नाशीचा, जास्त विचारणारा नव्हता. बोगदा पार करून आग्रा रोडला लागले तेव्हा त्याने आरशातून एकदा तिच्याकडे पाहिलं. "मैडमजी, कुछ हो गया क्या?"

"जल्दी चलो भैया," एवढंच तिला म्हणता आलं. काय झालंय ते सांगायचं तर सुरुवात स्वतःपासून करावी लागली असती, आणि ती सुरुवात तिच्या तोंडातून बाहेर पडेना.

समोरचा ट्रक धुक्यातून एकदम उगवायचा आणि पवन ब्रेक दाबायचा. प्रत्येक ब्रेकला मधुमती घड्याळ बघायची. हात मांडीवर ठेवून ती मिरजेची ती खोली आठवत होती. बाज, बाजेखालची शेगडी, ओव्याचा वास. फेब्रुवारी होता आणि पाठीला गार वारा लागायचा. वारा कुठून लागायचा? दारातून. दार उघडं असायचं. आई, लाव ना गं ते दार, असं तिने कितीदा म्हटलं असेल, आणि आई म्हणायची, अगं, धुराने गुदमरशील, राहू दे फटीएवढं. वीस दिवस ते दार कधी पूर्ण लागलंच नव्हतं.

गोष्टीत तिने शेगडी सांगितली, धूर सांगितला, लाल डोळे सांगितले. दार सांगितलं नाही. सांगायचं कुणाला सुचतं? धूर होता म्हणून दार उघडं राहायचं. मिरजेत राहायचं, इथल्या डोंगरातही राहायचं. धुराने डोळ्यांत पाणी आणून आणून पिढ्यानपिढ्या बायकांना दार उघडायला लावलं होतं, आणि आपण कौतुकाने तो धूर काढून घेतला. आता थंडी चार अंशांवर आलेली, खोलीत ऊबच ऊब, धूर नाही. दार कोण कशाला उघडेल? मधुमतीला गाडीत दरदरून घाम फुटला. तिने स्वेटरची बटणं काढली.

बस्सी गाव मागे पडल्यावर निलयचा फोन आला. "ताई, रुग्णवाहिका निघाली. पण... तुम्ही निरोप दिला होता ना?"

"कधीचाच दिला. का?"

"सत्तावीसची रेघ वर चढलेली आत्ता दिसली. पावणेअकराला. कुणीतरी नवे निखारे घातलेत त्यात."

मधुमतीला क्षणभर काही कळेना. निरोप पोचला आणि निखारे वाढले? मग तिला कळलं. मैडम येतेय, चूल बाहेर काढायला सांगितलंय. तीन महिने वापरली नाही तर चूल परत नेणार, हे तिनेच प्रत्येक ओट्यावर बजावलं होतं. कजोडीला वाटलं, चूल न्यायला येतायत. म्हणून तिने चूल जास्त पेटवली, वापरात आहे हे दिसावं म्हणून.

"भैया, हात जोडती हूँ," ती पवनला म्हणाली, "और तेज."

शाळेपाशी गाडी थांबली तेव्हा साडेबारा वाजत आले होते. रुग्णवाहिका अजून आली नव्हती. मधुमतीने चप्पल सांभाळत, मग हातात घेऊन, दगडांवरून तो चढ चढला. सेहेचाळिसाव्या वर्षी धावायची सवय कुणाला असते? छातीत कळ येत होती. वर धुकं विरळ झालं होतं आणि कजोडीच्या अंगणात कोवळं ऊन पडलं होतं. दगडी पट्ट्यांचं छप्पर असलेली दोन खोल्यांची घरं इथे सगळ्यांचीच. डावीकडच्या खोलीचं दार बंद होतं. दारासमोर उंबऱ्यावर कजोडी बसली होती, पाय पसरून, पाठ दाराला लावून. शेजारच्या दोन बायका आणि संतरा तिच्याजवळ उभ्या होत्या.

"राम राम, बहनजी," कजोडी म्हणाली. उठली नाही. ती आपल्या ढूंढाडी बोलीत बोलायची. चार वर्षांत मधुमतीला ती चांगली समजू लागली होती. "चूल मी देणार नाही. विचारा या सगळ्यांना, एक दिवस बंद ठेवली नाही. काल संध्याकाळपासून तर विझूच दिली नाही. तुमच्या मशीनला विचारा."

"कजोडीजी, चूल नको मला. दार उघडा. फोरंती कुठाय?"

"आत. नातू झालाय मला. परवा झाला." म्हातारीच्या चेहऱ्यावर क्षणभर आनंद आला आणि गेला. "रात्रीपासून सुनेचं डोकं फुटतंय. दोनदा उलटी केली. हवा लागलीये तिला. म्हणून तो वरचा झरोकाही गोधडी कोंबून बंद केला. आता झोपलीये गप्प."

मधुमतीने वर पाहिलं. भिंतीतल्या भोकातून गोधडीचं एक लाल टोक बाहेर आलं होतं.

"कधीपासून गप्प आहे?"

"सकाळी सुंठ-गुळाचं पाणी दिलं तेव्हा बोलली. मग झोपली. पोरही झोपलंय. रडतसुद्धा नाही, शहाणं आहे."

"उघडा दार," मधुमती म्हणाली आणि पुढे झाली. कजोडीने हात आडवा धरला.

"सूरज-पूजेआधी, बाळंतीण बाहेर येऊन सूर्याला पुजेपर्यंत, परकी सावली पडू द्यायची नाही तिच्यावर. तुम्हाला मुलगी आहे, तुम्हाला कळायला हवं."

इथे मधुमतीने आपल्या जिभेला हाक मारली. आजवर त्या जिभेने तिला कधी दगा दिला नव्हता. नुसतं बाळाचं तोंड बघते, शकुनाचे पैसे ठेवते, असं ती म्हणाली. कजोडीने मान हलवली. मग ती विज्ञानावर आली. निखाऱ्यांतून विषारी हवा निघते, ती दिसत नाही, तिला वास नसतो. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. दिसत नाही, वास नाही, आणि आहे? शेजारची एक तर हसलीच. संतराही गोंधळली होती. तिला मधुमतीनेच शिकवलं होतं ना.

"पण धुआँ तो है कोनी, धूर नाहीच ना," कजोडी सावकाश म्हणाली. "धुआँ नहीं, तो तकलीफ कैसी? तुम्हीच सांगितलं होतं, इथेच बसून. मी सगळ्यांना सांगते, बहनजी शिकलेली आहे, तिने स्वतःच्या जाप्यातलं सांगितलंय."

आपलंच वाक्य, तसंच्या तसं, हात चुलीवर ठेवल्याच्या आविर्भावासकट. आत काय चाललंय ते तिला ऐकू येत नव्हतं, आणि ऐकू येत नव्हतं हेच भयंकर होतं. दाराआड दोन जीव होते आणि त्यांच्यामध्ये आणि हवेमध्ये फक्त तिची एक छान रंगवलेली गोष्ट उभी होती. कजोडीला ढकलावं का? तीन बायका तिला सहज बाजूला काढतील, आणि मग हे दार कधीच उघडणार नाही.

ती मटकन खाली बसली, कजोडीच्या पायांशी, धुळीत.

"मैं झूठ बोली," ती म्हणाली.

कजोडीने पसरलेले पाय जवळ घेतले.

"माझ्या बाळंतपणात दार उघडं होतं. आईने एक दिवस बंद करू दिलं नाही. ते मी तुम्हाला सांगितलं नाही. माझी मुलगी निळीही पडली नव्हती. मी गोष्ट चांगली व्हावी म्हणून सांगितलं. तुम्ही हसावं म्हणून सांगितलं. बंद खोलीत चूल ठेवा, हे मी चुकीचं सांगितलं, कजोडीजी. धूर नसला तरी मारते ती. तुमची सून झोपलेली नाहीये."

तिला रडू येत होतं आणि ते लपवायचं भानही तिला राहिलं नव्हतं. कजोडी तिच्याकडे बघत राहिली. या बाईला तिने नेहमी हसताना, हातवारे करताना पाहिलं होतं. अशी पाहिली नव्हती.

"मुलीची शपथ घे," कजोडी म्हणाली. पहिल्यांदाच ती मधुमतीला अगं-तुगं करून बोलली. "तिच्या नावाने सांग, की आता खरं बोलतेयस."

मधुमतीचा शपथांवर विश्वास नव्हता. कुणी शपथ घेतली तर ती थट्टा करायची. पण त्या उंबऱ्यासमोर कीर्तीचं नाव ओठांवर आणताना तिला इतकी भीती वाटली की आवाज फुटेना. पुण्याच्या हॉस्टेलात ती पोर या वेळी जेवत असेल. "कीर्ती की कसम," ती म्हणाली. "सच बोल रही हूँ."

कजोडी उठली आणि तिने कडी काढली.

दार उघडलं आणि मधुमतीच्या तोंडावर ऊब आली. किती छान ऊब होती ती! चुलीच्या तोंडाशी तांबूस उजेड, भिंतींवर काजळीचा ठिपका नाही, डोळ्यांना चुरचुर नाही. अशी खोली तिने अकरा वस्त्यांवर बायकांना वर्णन करून सांगितली होती. फोरंती खाटेवर कुशीला वळून पडली होती, गाल गुलाबी, तोंड किंचित उघडं. कुशीत बाळ. दार उघडल्याचा आवाज झाला तरी दोघांतलं कुणी हललं नाही.

"फोरंती!" कजोडीने हाक मारली. मग ओरडून मारली. मग तिने सुनेचा खांदा धरून हलवला आणि तो हात तसाच खाली लोंबकळला. म्हातारीच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून अंगणातल्या बायका सोयर, सावली, सगळं विसरून आत घुसल्या.

खाट चौघींनी मिळून अंगणात आणली. मधुमतीने बाळ उचललं. ते मऊ कापडाच्या गुंडाळीसारखं तिच्या हातात पडून राहिलं. मान धरली नाही तर कलंडत होती. तिने दुपटं सोडलं, उघड्या थंडीत त्याची छाती चोळली, तळपाय चोळले, टिचक्या मारल्या. "रड," ती मराठीत म्हणत होती, "रड रे राजा, रड, ओरड, माझ्यावर ओरड." काहीच होईना. तिने त्याच्या नाकाशी गाल नेला. श्वास होता की नव्हता, तिला कळेना. तिच्या स्वतःच्या श्वासाचाच आवाज मोठा होत होता. तिने पुन्हा तळव्यावर टिचकी मारली, जोरात. दोन मिनिटं गेली असतील, पण तिला कुणी दोन तास सांगितलं असतं तरी पटलं असतं. मग त्या एवढ्याशा पायाने झटका दिला. कपाळाला आठी पडली. एक बारीक, चिडका, कुरकुरल्यासारखा आवाज आला, आणि मग ते पोर रडायला लागलं.

फोरंतीला वेळ लागला. तोंडावर पाणी मारलं, संतराने तिला कुशीवर वळवलं. बऱ्याच वेळाने ती ओकली, डोळे अर्धवट उघडले आणि कुणाला ओळखलं नाही. पण उघडले.

पवन रुग्णवाहिकेच्या माणसाला घेऊन धापा टाकत वर आला. त्या माणसाने दोघांना ऑक्सिजनचे मास्क लावले, नाडी धरली, चार प्रश्न विचारले. निखाऱ्यांचं ऐकल्यावर तो म्हणाला, अजून तासभर गेला असता तर मला यायची गरज नव्हती. वस्तीतल्या पुरुषांनी खाट खांद्यावर घेतली आणि सगळी वरात दगडांवरून खाली निघाली. संतरा बाळाला छातीशी धरून रुग्णवाहिकेत चढली. कजोडीलाही जायचं होतं, पण तिचे पाय चालेनात. ती अंगणात खाटेच्या जागी बसली होती, आणि मधुमती तिच्याशेजारी.

दाराच्या आत चूल अजून लाल होती. मधुमतीने उठून फडक्याने कड्या धरल्या, ती बाहेर आणली आणि निखारे मातीत उलटे केले. तिला वाटलं होतं आता भीती जाईल. गेली नाही. पायांतून वर चढतच होती ती, आणि का, ते तिला हळूहळू उमगलं. ही चूल सापडली, कारण तिच्या पायाशी यंत्र होतं. बाकीच्या तीनशे चुलींना यंत्र नव्हतं. गोष्ट मात्र त्या सगळ्यांबरोबर गेली होती.

"कजोडीजी," तिने विचारलं, "ती माझी गोष्ट... तुम्ही आणखी कुणाला सांगितलीत?"

"सगळ्यांना," म्हातारी म्हणाली. "पाणी भरताना सांगितली. माहेरी सांगितली. चांगली होती ना. इथे जाप्याला बसणाऱ्या प्रत्येकीला बायका तीच सांगतात, की खोलीत चूल ने, दार लाव, मजेत राहा."

"सध्या कुणाकुणाच्या घरी जापा आहे? आठवा. या डोंगरात, पलीकडे, कुठेही."

कजोडीने डोळे मिटले आणि उजव्या हाताची करंगळी धरली. "नांगल्या ढाणीत माझ्या बहिणीची नात," ती म्हणाली. मग दुसरं बोट. "खेड्याच्या वरची ती गुलाबची सून." तिसरं. मधुमतीने कागद शोधला, सापडला नाही, म्हणून ती पेनाने हातावरच नावं लिहू लागली. चौथं बोट. आता ही थांबेल, असं तिला वाटलं. कजोडीने अंगठा धरला, एक नाव सांगितलं, आणि मग दुसरा हात पुढे केला.